पदवी हाती पडेपर्यंत

१६ डिसेंबर २०२३, शनिवार. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या प्रचंड हॉलमध्ये आम्ही दोघे नवरा-बायको सकाळी नऊपासून जागा धरून बसलो होतो. माझ्या ताईची मुलगी त्या दिवशी एम.एस. होणार होती. ताई आणि भावजींना सांगलीहून येणे जमले नाही, म्हणून आई-बापाच्या जागी आम्ही आदल्या दिवशी न्यू जर्सीहून आठ-नऊ तास गाडी हाकत आलो होतो. समारंभ दहाला सुरू झाला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांसकट सगळे घर टीव्हीसमोर बसून हाच समारंभ बघत होते.

तिचे नाव पुकारले गेले. उच्चार काही ओळखू येण्यासारखा नव्हता, पण काळ्या झग्यातली तिची चालण्याची ढब आम्ही ओळखली आणि उभे राहून टाळ्या पिटल्या. डीनसाहेबांनी हात मिळवला आणि एक निळे, सोनेरी अक्षरांचे फोल्डर तिच्या हातात ठेवले. बाहेर आल्यावर फोटो झाले. मग आमचे हे म्हणाले, "बघू तरी तुझी पदवी!" फोल्डर उघडले, तर आत पदवी नव्हतीच! एक छापील चिठ्ठी तेवढी होती. अभिनंदन, आपल्या सर्व आवश्यकता पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर पदवीपत्र टपालाने पाठवण्यात येईल, अशा अर्थाची.

"अगं, हे रिकामंच आहे की!" मी म्हटले.

"मावशी, सगळ्यांचंच रिकामं असतं. खरी डिग्री नंतर येते," ती हसत म्हणाली.

आम्हीही हसलो. त्या रिकाम्या फोल्डरने पुढचे तीन महिने आमच्या घराला जो घोर लावला, त्याची त्या वेळी कुणाला कल्पना होती? आपल्या मंडळातल्या कितीतरी घरी आज भाचे-पुतणे शिकायला येऊन राहतात. आमच्यासारखेच त्यांचेही होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन दिवस, तीन अर्थ

आपल्या मनात 'पास झाला' आणि 'पदवी मिळाली' या दोन गोष्टी एकच असतात. अमेरिकन विद्यापीठांच्या दप्तरी मात्र त्यात चांगले अंतर असते. पहिला दिवस शिक्षणक्रम संपल्याचा. व्हिसाच्या कागदांवर लिहिलेली असते ती हीच तारीख. दुसरा दिवस समारंभाचा, झगा-टोपीचा. कायद्याच्या दृष्टीने त्याला काहीच महत्त्व नाही. आणि तिसरा दिवस पदवी खरोखर प्रदान झाल्याचा. प्राध्यापकांनी शेवटचे गुण भरल्यावर रजिस्ट्रारचे ऑफिस प्रत्येक विद्यार्थ्याचा सगळा हिशेब तपासते. याला 'डिग्री ऑडिट' म्हणतात. सक्तीचे विषय झाले का, क्रेडिट्स पुरेशी आहेत का, फी बाकी आहे का, हे सगळे जुळले की मगच ट्रान्सक्रिप्टवर 'पदवी प्रदान' अशी नोंद उमटते. छापील पदवीपत्र त्याच्याही नंतर काही आठवड्यांनी टपालात पडते.

डिसेंबरच्या मुलांना आणखी एक अडचण. गुण भरायच्या सुमारास नाताळ येतो, ऑफिसे बंद होतात आणि जानेवारी उजाडेपर्यंत फोनसुद्धा कुणी उचलत नाही.

एकवेळ तेही चालेल. पण व्हिसाचे घड्याळ पदवीसाठी थांबत नाही. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला शिक्षणानंतर नोकरीसाठी 'ओ.पी.टी.' नावाची बारा महिन्यांची परवानगी मिळते. तिचा अर्ज शिक्षणक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि कामाची सुरुवातीची तारीख त्या ६० दिवसांतलीच निवडावी लागते. पुढची मेख अशी, की त्या तारखेपासून एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेकार राहता येत नाही. शनिवार, रविवार, सणवार सगळे धरून ९०. भाचीच्या वेळी, म्हणजे २०२४ साली, नियम असे होते.

थोडक्यात, एक घड्याळ म्हणते, "तुझे शिक्षण संपले, आता नोकरी शोध." आणि दुसरे म्हणते, "थांब, तुझे शिक्षण संपले की नाही ते आम्ही अजून बघतोय."

संक्रांतीला सुरू झालेले घड्याळ

भाचीने ऑक्टोबरातच अर्ज केला होता. कार्ड वेळेवर आले. त्यावरची सुरुवातीची तारीख होती १५ जानेवारी २०२४. म्हणजे नेमकी मकरसंक्रांत! शिवाय तो मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा सोमवार, म्हणजे इथली ऑफिसे बंद. पहिला दिवस सुट्टीतच खर्ची पडला. तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकोनात पेन्सिलीने १ लिहिला आणि १३ एप्रिलच्या चौकोनात ९०.

डिसेंबरअखेर तिकडच्या खोलीचा करार संपला तेव्हाच ती दोन बॅगा घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. विषय पर्यावरण अभियांत्रिकी, त्यातही पाणीशुद्धीकरण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, तेव्हा घराघरांत पुराचे पाणी होते आणि प्यायला मात्र घोटभर पाणी टँकरवर मोजून मिळत होते. तेव्हापासून पोरीने हा विषय मनाशी धरला होता. भावजी निवृत्त शिक्षक. राहते घर तारण ठेवून त्यांनी शिक्षणाचे कर्ज काढले होते. त्याचे हप्ते त्याच उन्हाळ्यात सुरू व्हायचे होते. हे ती कधी बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी सांगलीहून फोनवर मजकूर यायचा, "डिग्री आली का?" तो वाचून ती फोन उलटा ठेवायची.

मंडळाच्या तिळगूळ समारंभाला तिला घेऊन गेले. सगळ्यांनी प्रेमाने विचारपूस केली. एका काकूंनी विचारले, "झालीस ना गं एम.एस.? मग नोकरी कुठे लागली?" ती म्हणाली, "काकू, पदवी मिळालीय, पण मिळाली नाहीय." सगळ्या हसल्या. परतताना गाडीत मात्र ती अगदी गप्प होती.

सकाळी आठ ते दुपारी दोन जेवणाच्या टेबलावर तिचे ऑफिस. रोज चार-पाच अर्ज. संध्याकाळी काका तिची खोटी मुलाखत घ्यायचे. ते इतके कडक प्रश्न विचारायचे, की एकदा तिने सांगून टाकले, "काका, तुमच्या कंपनीत मला नोकरी नकोच!"

पहिली नोकरी आली आणि गेली

५ फेब्रुवारीला न्यू जर्सीतल्याच एका कंपनीचा फोन आला. नोकरी पक्की, २६ तारखेला रुजू व्हा. मी देवाला साखर ठेवली. सांगलीत पेढे वाटले गेले. आता फक्त 'बॅकग्राउंड चेक' बाकी होता. त्याचे काय एवढे? पोरीने कुठे चोरी-मारी केली होती थोडीच!

१३ तारखेला तपासणी करणाऱ्या संस्थेची ई-मेल आली. 'आपण सांगितलेल्या पदवीची नोंद आढळली नाही.'

इथे पदवी पडताळायला कुणी कागद मागत बसत नाही. बहुतेक विद्यापीठे आपल्या नोंदी 'नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस' या संस्थेकडे पाठवतात आणि कंपन्या तिथे विचारणा करतात. १९९३ साली विद्यार्थ्यांच्या कर्जांच्या नोंदींसाठी निघालेली ही संस्था आता पदव्याही पडताळून देते. तिथे नोंद नसली, की बघणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात. पदवी आहे किंवा नाही. 'होणार आहे' असा तिसरा रकाना तिथे नाही.

भाचीने रेझ्युमेत सरळ लिहिले होते, 'एम.एस., डिसेंबर २०२३'. खोटे बोलावे म्हणून नाही. समारंभ झाला, गुण लागले, मग पदवी झालीच असे तिला खरोखर वाटत होते. तिने रजिस्ट्रारला फोन लावला. त्यांनी सांगितले, तुमचे ऑडिट अपूर्ण आहे. पहिल्या वर्षी एक सक्तीचा विषय त्या सत्रात शिकवला जात नव्हता. सल्लागार प्राध्यापकांनी त्याऐवजी दुसरा घे म्हणून ई-मेलवर मान्यता दिली होती. ती मान्यता ग्रॅज्युएट स्कूलपर्यंत पोचलीच नव्हती! विषय शिकून झाला, 'ए' मिळाला, पण कागदावर त्या चौकोनात 'अपूर्ण'. जानेवारीची यादी निघून गेली होती आणि पुढची यादी मार्चअखेर.

"त्यांनी तुला कळवलं नाही?" मी विचारले.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने लॅपटॉप फिरवून माझ्यासमोर धरला. विद्यापीठाच्या पत्त्यावर ९ जानेवारीला ई-मेल आलेली होती. नोकरीचे अर्ज दुसऱ्या पत्त्यावरून जात होते, म्हणून हा पत्ता तिने नीट उघडून पाहिलाच नव्हता. चूक विद्यापीठाची होती, सल्लागारांची होती आणि थोडी तिचीही होती. तिला सगळ्यात जास्त लागली ती स्वतःची.

कंपनीने शुक्रवार १६ तारखेपर्यंत पुरावा मागितला. सल्लागार परदेशी परिषदेला गेलेले. सोमवारी पुन्हा प्रेसिडेंट्स डेची सुट्टी. मंगळवारी २० तारखेला कंपनीची दोन ओळींची ई-मेल आली. दिलगीर आहोत, ती जागा आम्ही दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. विभागाचे पत्र आले ते बुधवारी.

कालनिर्णयवर त्या दिवशी ३७ आकडा होता. रात्री तिने वडिलांना फोन केला. मी तिच्यासमोर बसले होते. "बाबा, ती नोकरी गेली," एवढेच ती म्हणाली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग भावजींचा आवाज आला, "जेवलीस का?" तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

नळकांड्यातली पदवी

त्या रात्री आमच्या ह्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचे नळकांडे काढून आणले. त्यात त्यांची पुण्याची बी.ई. ची पदवी. १९८३ साली ते अमेरिकेत आले ते 'प्रोव्हिजनल सर्टिफिकेट'वर. पदवीदान समारंभ झाला तेव्हा ते इथे बर्फ उपसत होते, म्हणून पदवी गैरहजेरीत घेतली गेली. सासऱ्यांनी रांगेत उभे राहून ती आणली, पण टपालाने पाठवायला ठाम नकार दिला. "पोस्टात दुमडली तर?" शेवटी तीन वर्षांनी कुणीतरी ओळखीचे इकडे येत होते, त्यांच्यासोबत हे नळकांडे आले. विमानतळावर त्या गृहस्थांना ते दोनदा उघडून दाखवावे लागले.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही पदवीशिवाय होतात?" भाचीने विचारले.

"पदवीशिवाय नाही, कागदाशिवाय," हे म्हणाले. "पण माझ्याकडे प्रोव्हिजनल होतं. तुझ्याकडे काय आहे?"

सगळे इथेच येऊन थांबत होते. आपल्याकडच्या विद्यापीठांना आपण नावे ठेवतो आणि तशी कारणेही आहेत. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी निघालेली मुले अडकली आणि अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पण निकाल आणि समारंभ यांच्यामध्ये वेळ जाणार हे गृहीत धरून आपल्याकडे प्रोव्हिजनल नावाचा कागद पूर्वापार आहे. चाळीतल्या वाण्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तो माहीत असतो. इथेही तसा कागद मिळतो, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. त्याचे नाव 'लेटर ऑफ कम्प्लीशन'. आम्हाला हे नावच माहीत नव्हते.

इंग्लंडची पद्धत आणखी निराळी. तिथे १ जुलै २०२१ पासून 'ग्रॅज्युएट रूट' नावाचा व्हिसा सुरू झाला. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा केल्याचे विद्यापीठ परस्पर सरकारला कळवते आणि मग अर्ज करता येतो, समारंभाची वाट पाहावी लागत नाही. अट एवढीच, की विद्यार्थी-व्हिसा संपण्याच्या आत तिथे राहूनच अर्ज करायचा. म्हणजे तिथेही सगळी भिस्त विद्यापीठाच्या त्या एका निरोपावर.

पत्र

दुसऱ्या दिवसापासून पोरीने पदर खोचला. (जीन्सला पदर नसतो, पण खोचला!) सल्लागारांची जुनी ई-मेल शोधून काढली, अभ्यासक्रमाचे तपशील जोडले आणि ग्रॅज्युएट स्कूलकडे रीतसर अर्ज केला. नुसती ई-मेल पाठवून ती स्वस्थ बसली नाही. रोज सकाळी नऊला फोन. तिसऱ्या फोनला तिथल्या एका बाईंनी तिचा आवाज ओळखला आणि त्या म्हणाल्या, "तुझी फाइल मी स्वतः हातात घेऊन वर जाते." अशी माणसे प्रत्येक ऑफिसात एखादी असते, ती सापडेपर्यंत फोन करत राहायचे असते.

२२ तारखेला मान्यता मिळाली, २३ ला रजिस्ट्रारचे पत्र. विद्यापीठाच्या लेटरहेडवर, शिक्क्यानिशी. या विद्यार्थिनीने एम.एस. च्या सर्व आवश्यकता पूर्ण केल्या असून पदवीची नोंद मार्चअखेरच्या यादीत होईल, असा मजकूर. चार ओळींचे पत्र, पण त्याची प्रत काढून मी फ्रिजवर लावली.

मग रेझ्युमे बदलला. आता तिथे असे होते: 'एम.एस.; सर्व आवश्यकता डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण; पदवीची औपचारिक नोंद मार्च २०२४ मध्ये अपेक्षित.' तिला भीती वाटत होती. "मावशी, असं वाचून मला कोण बोलावेल? काहीतरी गडबड आहे असं वाटेल त्यांना."

"गडबड आहेच ना? मग आपल्या तोंडूनच कळू दे," हे म्हणाले.

२९ फेब्रुवारीला फिलाडेल्फियाजवळच्या एका कंपनीत मुलाखत होती. दिवस ४६ वा. मी तिला सोडायला गेले. जाताना ती फार घाबरलेली होती, म्हणून मी सहज आनंदीबाई जोशींचा विषय काढला. याच फिलाडेल्फियात ११ मार्च १८८६ रोजी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाने त्यांना एम.डी. ही पदवी दिली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली. पदवीही होती आणि नोकरीही. नव्हता तो वेळ. मायदेशी पोचल्या त्या क्षयाने खंगलेल्याच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कामावर रुजू होण्याआधीच, पुण्यात त्या गेल्या. अजून बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

भाची थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मुलाखतीच्या आधी सांगायची गोष्ट होती का ही?" आणि आम्ही दोघी खो खो हसलो. पण उतरताना ती म्हणाली, "माझ्याकडे वेळ तरी आहे. अजून चव्वेचाळीस दिवस."

मुलाखतीत तिने स्वतःहून सांगितले, पदवीची नोंद व्हायची आहे, उशीर का झाला आणि हे रजिस्ट्रारचे पत्र. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पत्र वाचले, बाजूला ठेवले आणि पाण्यातल्या नायट्रेटबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली.

८ मार्चला, महाशिवरात्रीला, होकार आला. या वेळी तपासणीच्या संस्थेला पत्र आधीच पाठवले होते. रुजू व्हायची तारीख २५ मार्च. आदल्या दिवशी रविवारी होळी. मी पुरणपोळ्या केल्या आणि सोमवारी, धुळवडीच्या दिवशी, तिच्या डब्यात दोन बांधून दिल्या. कालनिर्णयवर रविवारच्या चौकोनात ७० होता. पुढचे वीस चौकोन कोरेच राहिले.

तुमच्या घरी असे कुणी असेल तर

या तीन महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते एकत्र सांगते.

पहिले म्हणजे, पदवी आपोआप मिळत नाही. शेवटच्या सत्रात 'ग्रॅज्युएशनचा अर्ज' भरावा लागतो आणि त्याला मुदत असते. ती चुकली तर नाव पुढच्या सत्राच्या यादीत जाते. त्याआधीच्या सत्रात आपले डिग्री ऑडिट स्वतः उघडून पाहावे. एकही चौकोन 'अपूर्ण' दिसला तर तेव्हाच विचारावे. विषयाच्या बदलाला मिळालेली तोंडी किंवा ई-मेलवरची मान्यता ही मान्यता नव्हे. ती नोंदीत आली का ते बघावे. फी, लायब्ररीचा दंड, पार्किंगचा दंड यांपैकी काही बाकी असेल तर फेडून टाकावे. बाकीपोटी ट्रान्सक्रिप्ट किंवा पदवीपत्र अडकून राहिल्याची उदाहरणे आहेत.

दुसरे, शेवटचे गुण लागल्याबरोबर रजिस्ट्रारकडे लेटर ऑफ कम्प्लीशन मागावे. पदवीचे पूर्ण नाव, आवश्यकता पूर्ण झाल्याची तारीख आणि पदवीच्या नोंदीची अपेक्षित तारीख या तीन गोष्टी त्यात हव्यात. प्राध्यापकांचे पत्र चांगलेच, पण कंपन्या रजिस्ट्रारचे मानतात.

तिसरे, रेझ्युमेत जे झाले तेच लिहावे. 'पदवी मिळाली' आणि 'मिळणार आहे' यांतला फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण तपासणाऱ्याला तो खोटेपणा वाटू शकतो. आणि तपासणी सुरू होण्याआधी आपणच सांगावे. आधी सांगितले तर तो खुलासा ठरतो, नंतर सांगितले तर सबब.

चौथे, ९० दिवसांचा हिशेब लिहून ठेवावा. पहिल्या बारा महिन्यांच्या ओ.पी.टी. मध्ये आपल्या विषयातले, आठवड्याला किमान वीस तासांचे बिनपगारी कामसुद्धा, कामगार कायद्यात बसत असेल तर, काम म्हणून धरतात. आम्हाला हे कळले तोवर फिलाडेल्फियाची मुलाखत ठरली होती. नोकरी लागली की दहा दिवसांच्या आत कळवावे लागते. नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर, अगदी माझ्या या लेखावरसुद्धा, न विसंबता विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारावे. आणि हो, विद्यापीठाचा ई-मेल पत्ता रोज उघडावा!

पाचवे आपल्या मोठ्यांसाठी. रोज "आली का?" असे विचारू नये. येईल तेव्हा तीच सांगेल. त्याऐवजी भावजींनी त्या रात्री विचारले तेच विचारावे.

टपाल

पदवीची नोंद ठरल्याप्रमाणे मार्चअखेर झाली. गंमत अशी, की नोंदीवर तारीख पडली ती डिसेंबर २०२३ चीच! ज्या महिन्यांत 'नोंद नाही' म्हणून नोकरी गेली, त्या महिन्यांतही ती कागदोपत्री एम.एस. होती, असे आता तोच कागद सांगतो. यावर आमच्या ह्यांनी बरेच भाषण केले, ते छापण्याजोगे नाही.

खरे पदवीपत्र एप्रिलमध्ये, गुढीपाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात आले. भाची कामावर होती. मी ते उघडले नाही. संध्याकाळी ती आली, हात धुतले, पाकीट फोडले आणि पदवीपत्र त्या निळ्या फोल्डरमध्ये सरकवले. बरोबर बसले. मग सांगलीला फोन लावून कॅमेऱ्यासमोर धरले. तिकडे पहाट व्हायची होती. भावजींनी चष्मा लावला आणि तिचे नाव, मग वडिलांचे म्हणजे स्वतःचे नाव, मग आडनाव, असे मोठ्याने वाचले.

"आता हे इकडे पाठवू का बाबा?" तिने विचारले.

"नको," भावजी म्हणाले. "पोस्टात दुमडेल. कुणी येणारं असेल तर त्यांच्याबरोबर दे."

आमचे हे उठले आणि माळ्यावर नळकांडे शोधायला गेले.